गोळी आत आहे म्हणून कूस बदलणे थांबवू नका

भांडुपहून एका ताईंनी चार पानी पत्र पाठवले आहे. त्याचा सारांश असा. त्यांचा एकतीस वर्षांचा धाकटा भाऊ सराफाच्या दुकानात विक्रेता आहे. सहा आठवड्यांपूर्वी दुकानावर पडलेल्या दरोड्यात त्याला गोळी लागली. ती डाव्या कुशीतून शिरली आणि मोठ्या आतड्याला भोक पाडून पाठीच्या बाराव्या मणक्यात, म्हणजे डॉक्टर ज्याला डी-१२ म्हणतात त्यात, रुतून बसली. पोटाचे ऑपरेशन झाले, आतडे शिवले, शौचासाठी पोटावर तात्पुरती पिशवी लावली. मणक्यातली गोळी मात्र काढली नाही. दोन्ही पायांत ताकद नाही, मांड्यांपासून खाली स्पर्श कळत नाही आणि लघवीसाठी नळी आहे. दहा दिवसांपूर्वी त्याला घरी सोडले. पुढचे ताईंच्या शब्दांत: "आई त्याला कुशीवर वळवू देत नाही. गोळी सरकेल आणि उरलेसुरलेही जाईल, असे तिला वाटते. माकडहाडावर रुपयाएवढा काळसर डाग दिसतो आहे. नातेवाईक म्हणतात, शिशाचे विष भिनेल, दुसरीकडे नेऊन गोळी काढून घ्या. संध्याकाळी कधीकधी त्याचे अंग कोमट लागते. आम्ही नेमके कशाला घाबरायचे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार पानांत गोळीला अडीच पाने मिळाली आहेत आणि माकडहाडावरच्या डागाला एक ओळ. मला उत्तर उलट्या क्रमाने द्यावे लागणार आहे, कारण आज तुमच्या घरात सर्वांत तातडीची गोष्ट तो रुपयाएवढा डाग आहे आणि त्याच्या खालोखाल ते कोमट अंग. हे उत्तर वाचून झाले की आधी त्याला कुशीवर वळवा आणि तो डाग बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर रंग क्षणभर फिका होऊन परत येत असेल, तर कातडी अजून वाचवता येण्यासारखी आहे. रंग बदलतच नसेल, जागा भोवतालच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा उलट मऊ पोचट लागत असेल, तर वरून अखंड दिसणाऱ्या कातडीखाली मांस मरू लागले असण्याची शक्यता आहे आणि ती जागा उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवली पाहिजे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहसा दिसत नाही, ती काळसर किंवा जांभळट दिसते, आणि म्हणूनच घरच्यांना तो जुना डाग किंवा मळ वाटून जातो.

आता आईंची भीती. ती चुकीची आहे असे म्हणून मी तिला बाजूला सारणार नाही, कारण मुलाला गोळी लागलेली पाहिलेल्या आईने त्या गोळीखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करावा, अशी अपेक्षाच करता येत नाही. पण मणक्याच्या हाडात रुतलेली गोळी कुशीवर वळल्याने सरकत नाही. गोळी सरकल्याच्या घटना वैद्यकीय लिखाणात नोंदलेल्या आहेत; मात्र त्या दुर्मीळ आहेत आणि बहुतांशी मज्जारज्जूच्या पोकळीत, पाण्यासारख्या द्रवात सुट्या राहिलेल्या गोळ्यांच्या आहेत. शिवाय लोकलमधून किंवा इमारतीवरून पडल्यावर मणका जसा सांध्यातून निखळतो, तसा तो गोळीने सहसा निखळत नाही. गोळी हाडात भोक पाडते, पण भोवतालचे बंध आणि मागचे सांधे बऱ्याचदा शाबूत राहतात, त्यामुळे गोळीने जखमी झालेले बहुसंख्य कणे स्थिर असतात. तुमच्या भावाचा कणा स्थिर आहे की नाही, हे डिस्चार्जच्या कागदावर आणि सीटी स्कॅनच्या अहवालात लिहिलेले असेल. पट्टा लावूनच बसवा किंवा वळवा अशी सूचना असेल तर ती पाळा. तशी सूचना नसेल आणि शंका असेल तर ज्यांनी ऑपरेशन केले त्यांना फोन करून हा एकच प्रश्न विचारा. एरवी खांदे, कंबर आणि गुडघे एका रेषेत ठेवून, खाली घातलेल्या आडव्या चादरीच्या साहाय्याने दोघांनी मिळून ओंडका फिरवावा तसे त्याला वळवणे सुरक्षित आहे.

दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा. हा नियम सर लुडविग गुटमान या डॉक्टरांनी १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात कण्याच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला तेव्हा कसोशीने राबवला. त्याआधी कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक मूळ जखमेने मरत नसत. पाठीवर झालेल्या शय्याव्रणांनी, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांनी, आणि लघवीच्या संसर्गाने मरत. हा इतिहास तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी ज्या दोन गोष्टींनी माणसे दगावत होती, त्याच दोन गोष्टी आज तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सांभाळायच्या आहेत, आणि त्या सांभाळण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही, हे तुमच्या लक्षात यावे म्हणून सांगितले.

तुम्ही विचारले आहे की नेमके कशाला घाबरायचे. कण्याला गोळी लागल्यानंतर पुढे कोणाला जास्त गुंतागुंत होते आणि कोणाला कमी, हे काही बाबींवरून बऱ्यापैकी सांगता येते. त्यातल्या काही गोष्टी घडून गेल्या आहेत, त्या बदलता येणार नाहीत. काही अजून तुमच्या हातात आहेत.

घडून गेलेल्यांपैकी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोळीचा मार्ग. गोळी उडताना तापते आणि त्या उष्णतेने निर्जंतुक होते, असा एक जुना समज आहे. तो खरा नाही. ती कपड्यांचे धागे आणि कातडीवरचे जंतू सोबत नेते, आणि वाटेत मोठे आतडे असेल तर शौचातले असंख्य जंतू थेट मणक्यापर्यंत पोहोचवते. म्हणून मोठ्या आतड्यातून मणक्यात गेलेल्या गोळीत हाडाचा संसर्ग, कण्याजवळ पू साचणे किंवा मज्जारज्जूच्या आवरणाला सूज येणे यांचा धोका, केवळ स्नायूंतून गेलेल्या गोळीपेक्षा जास्त असतो. अशा रुग्णांना सुरुवातीलाच निदान सात दिवस अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारी प्रतिजैविके शिरेतून देण्याची पद्धत आहे. तुमच्या भावाला ती किती दिवस दिली, हे डिस्चार्जच्या कागदावर पाहून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना ते उपयोगी पडेल.

याच कारणाने त्याच्या कोमट अंगाकडे दुर्लक्ष करू नका. हाताने कपाळ पाहू नका. औषधाच्या दुकानातून थर्मामीटर आणा, सकाळी आणि संध्याकाळी ताप मोजा आणि वहीत तारीख-वेळ घालून लिहा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मणक्याच्या हाडातला संसर्ग सावकाश, आठवड्यांनी डोके वर काढतो. ज्याला कमरेखाली वेदना कळत नाहीत त्याच्यात तर बारीक ताप, वजन उतरणे, भूक मंदावणे आणि पायांत अचानक वाढलेले झटके एवढीच चिन्हे दिसतात. जिथे संवेदना शाबूत आहे त्या वरच्या पाठीत नव्याने दुखू लागले, तर तेही महत्त्वाचे आहे. शरीरातला दाह किंवा संसर्ग दाखवणारी रक्ताची ईएसआर आणि सीआरपी ही तपासणी स्वस्त आहे आणि दर भेटीत आकडे चढत आहेत की उतरत आहेत, हे पाहता येते. पाठीच्या किंवा कुशीच्या जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव झिरपत असेल, बसवल्यावर डोके दुखून आडवे केल्यावर थांबत असेल, किंवा मान ताठ होऊन ताप येत असेल, तर मज्जारज्जूच्या आवरणाला छिद्र राहिले असावे. तेव्हा तासांचाही विलंब नको.

दुसरी घडून गेलेली गोष्ट म्हणजे इजेची पातळी आणि तिची व्याप्ती. गोळीच्या इजेत मज्जारज्जूचा पूर्ण पक्षाघात होण्याचे प्रमाण इतर अपघातांपेक्षा जास्त असते, कारण गोळी केवळ कापत जात नाही, तिच्या धक्क्याने आजूबाजूचा भागही चिरडतो. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर खोकण्याची ताकद जाते आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. सहाव्या पाठीच्या मणक्याच्या वर इजा असलेल्यांत तर लघवी तुंबली किंवा शौच अडले एवढ्यानेही रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. अशा वेळी डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, आणि रुग्णाला ताबडतोब उठवून बसवणे, कपडे सैल करणे आणि नळी कुठे मुडपली आहे का ते पाहणे हाच पहिला उपचार असतो. तुमच्या भावाची इजा डी-१२ ला आहे, म्हणून त्याला हा धोका जवळपास नाही; पण हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कुठल्या घरात तो असू शकतो म्हणून लिहून ठेवले. भावाची इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे पाय हलतात की नाही यावरून ठरत नाही. गुदद्वाराच्या भोवती स्पर्श कळतो का आणि तिथला स्नायू आवळता येतो का, यावरून ठरते. ही तपासणी संकोचामुळे राहून जाते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती करायला आणि निष्कर्ष कागदावर लिहायला स्पष्ट सांगा, कारण थोडीशी संवेदना शिल्लक असली तरी पुढच्या सुधारणेचा अंदाज बदलतो.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगतो. गोळीने फुप्फुस, मोठी रक्तवाहिनी किंवा मूत्रपिंड यांपैकी आणखी काही फोडले असेल, अतिदक्षता विभागात बरेच दिवस कृत्रिम श्वासावर काढावे लागले असतील, मधुमेह असेल, रक्त कमी असेल, तंबाखूचे व्यसन असेल, तर गुंतागुंत वाढते. तुम्ही लिहिले आहे की भाऊ रोज दोन-तीन पुड्या मळून खायचा आणि आता त्याचे मित्र त्याला त्या आणून देतात, बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा म्हणून. ताई, निकोटीनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि माकडहाडावरच्या त्या डागाला याच रक्तवाहिन्यांचा आधार आहे. मित्रांना हे त्याच्यासमोर न सांगता दारात गाठून सांगा. त्यांनी पुडीऐवजी अंडी आणावीत, कारण जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात. डाळ, मासे, दूध, शेंगदाणे, जे परवडेल ते दिवसातून तीनदा पोटात गेले पाहिजे. पोटावरच्या पिशवीमुळे त्याने जेवण कमी केले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता गोळीकडे येतो. डॉक्टरांनी ती काढली नाही, यात त्यांनी टाळाटाळ केली असा अर्थ नातेवाईक काढत आहेत. तसे नाही. मानेत किंवा छातीच्या मणक्यांत असलेली गोळी काढल्याने गेलेली शक्ती परत येते, असे अनुभवाने दिसलेले नाही. उलट ज्यांची पाठ उघडली गेली त्यांच्यात जखमेचा संसर्ग, मज्जाद्रवाची (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची) गळती आणि मणक्यांची अस्थिरता जास्त आढळली. शस्त्रक्रियेची खरी गरज काही ठरावीक प्रसंगांत असते: पायांची ताकद दिवसेंदिवस आणखी कमी होत असेल, कणा अस्थिर असेल, मज्जाद्रवाची गळती थांबत नसेल, कण्याजवळ पू झाला असेल, किंवा गोळी डी-१२ ते एल-४ (कमरेचा चौथा मणका) या पट्ट्यात मज्जारज्जूच्या पोकळीतच अडकून तिथल्या मज्जातंतूंना दाबत असेल. हा शेवटचा प्रसंग तुमच्या भावाच्या पातळीला लागून आहे, म्हणून सीटी स्कॅनच्या अहवालात गोळी मणक्याच्या हाडात आहे की पोकळीत, हे नीट वाचून घ्या. तुम्ही पाठवलेल्या अहवालाच्या फोटोत 'हाडात, पोकळीबाहेर' असे लिहिलेले मला दिसते. तसे असेल तर गोळी राहू देण्याचा निर्णय योग्य आहे, आणि माझ्या घरचा माणूस असता तरी मी हेच सांगितले असते.

गोळी शोधण्याच्या हट्टाची किंमत काय होऊ शकते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना २ जुलै १८८१ रोजी गोळी लागली. ती कमरेच्या पहिल्या मणक्यातून गेली, पण मज्जारज्जूला तिने धक्का लावला नव्हता. डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत पुन्हापुन्हा घालून ती शोधली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू शोधणारे उपकरणही आणून पाहिले. गोळी सापडली नाही, जखम मात्र पुवाने भरत गेली, आणि १९ सप्टेंबरला ते वारले.

शिशाच्या विषाची भीती निराधार नाही, पण तिची जागा समजून घेतली पाहिजे. हाडात किंवा स्नायूत बसलेल्या गोळीभोवती शरीर चिवट पेशींचे कवच तयार करते आणि शिसे फारसे विरघळत नाही. ते विरघळते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात. म्हणून गोळी किंवा तिचा तुकडा दोन मणक्यांमधल्या चकतीत किंवा मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यात असेल, तर धोका वाढतो, आणि तो काही महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनीही प्रकट होऊ शकतो. पोटात कळा, बद्धकोष्ठ, न भरून येणारा रक्तक्षय, सततचा थकवा, चिडचिड, विसराळूपणा ही त्याची लक्षणे. यासाठी रक्तातल्या शिशाची तपासणी असते. ती आता एकदा करून ठेवा आणि पुढे किती अंतराने करायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. पक्षाघातावर म्हणून घरोघरी भस्मे सुचवली जातात. नागभस्म हे शिशापासूनच बनते. ज्याच्या मणक्यात शिसे आहे त्याला कोणतेही भस्म डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

तुमच्या शेजाऱ्यांनी सुचवलेले स्टेरॉइडचे इंजेक्शनही नको. कण्याच्या इजेत पहिल्या काही तासांत ते देण्याची एके काळी पद्धत होती, पण गोळीने झालेल्या इजांत त्याचा फायदा दिसला नाही आणि संसर्ग व पोटातल्या गुंतागुंती वाढल्या, हे १९९० च्या दशकातच स्पष्ट झाले होते. सहा आठवड्यांनंतर तर त्याला काहीच अर्थ नाही. एमआरआयबद्दल एवढेच, की तो सरसकट निषिद्ध नाही. शिशाच्या आणि तांब्याच्या गोळीला चुंबक ओढत नाही, पण पोलादाचा अंश असलेल्या गोळीला ओढू शकतो. तपासणीच्या आधी प्रत्येक ठिकाणी 'अंगात गोळी आहे' हे सांगा, एक्स-रेची फिल्म सोबत ठेवा आणि निर्णय रेडिओलॉजिस्टवर सोपवा. आणखी एक बाब: ही पोलीस केस आहे, त्यामुळे कधीकाळी गोळी काढावी लागलीच तर ती पुरावा म्हणून सीलबंद होऊन पोलिसांकडे जाईल. नातेवाईक सांगतात त्या कुठल्याशा गावच्या खाजगी जागी ती काढून घेण्याचा विचार या कारणानेही मनातून काढून टाका.

पायांबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ते वाचून मी थांबलो. मामी रोज संध्याकाळी येऊन गरम तेलाने त्याचे पाय जोरात चोळतात, आणि थंडी वाजते म्हणून तळपायांना गरम पाण्याची पिशवी ठेवतात. त्यांची माया मला कळते. पण कण्याच्या इजेनंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत पायांच्या खोल शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि जोरात चोळल्याने अशी गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. शिंप्याची मापाची टेप घ्या, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे अंतरावर दोन्ही पोटऱ्यांवर पेनाने खूण करा आणि रोज सकाळी अंथरुणातच घेर मोजून वहीत लिहा. एका पोटरीचा घेर दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरने जास्त भरला, किंवा एक पाय गरम आणि तुकतुकीत दिसू लागला, तर चोळणे, व्यायाम सगळे बंद करून त्याच दिवशी डॉपलर तपासणीसाठी (शिरांतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) न्या. एकाएकी दम लागला किंवा छातीत टोचले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन किंवा गोळी डिस्चार्जच्या वेळी दिली होती का आणि ती कधीपर्यंत घ्यायची, हे विचारून घ्या. घरी आल्यावर ती आपोआप थांबलेली मी अनेकदा पाहिली आहे. गरम पाण्याची पिशवी मात्र आजच कपाटात टाका. ज्या पायाला चटका कळत नाही त्या पायावर हात सहन करील एवढ्या उष्णतेनेही फोड येतो, आणि तो भरायला महिने लागतात. मामींना काम हवे आहे. त्यांना हलक्या हाताने सांधे वाकवण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकवून घ्या.

लघवीची नळी ही दुसरी मोठी वाट, जिथून संसर्ग आत येतो. पिशवी नेहमी मूत्राशयापेक्षा खाली असली पाहिजे. तपासणीला टॅक्सीने नेताना सोबतचा माणूस ती पिशवी नकळत रुग्णाच्या मांडीवर ठेवतो आणि साठलेली लघवी उलटी आत जाते. पुढच्या दोन दिवसांत थंडी वाजून ताप येतो तो यामुळेच. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करा. लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून प्रतिजैविक सुरू करू नका, ताप किंवा थंडी असेल तरच तपासणी करून करा. नाहीतर पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा औषधे लागू पडणार नाहीत. कायम नळी ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी स्वतः घालून लघवी काढणे मूत्रपिंडांसाठी अधिक चांगले, आणि तुमच्या भावाचे हात शाबूत असल्याने तो हे आठवडाभरात शिकू शकेल. एका वेळी पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त साठू द्यायचे नाही. हे त्याला लाजिरवाणे वाटेल. पण स्वतःचे हे एक काम स्वतःच्या हाती आले की माणसाच्या चेहऱ्यात फरक पडतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिले आहे.

तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या तिसऱ्या पानावरची एक ओळ मला विसरता येत नाही: खाली कोणी फटाका फोडला की तो उशीत तोंड खुपसतो आणि मग रात्रभर जागा राहतो. कण्याला गोळी लागलेल्यांमध्ये पायांत आग झाल्यासारखी मज्जातंतूंची वेदना तीव्र असते. ती गोळी काढल्याने थांबत नाही, तिच्यासाठी वेगळी औषधे आहेत आणि ती मागितली पाहिजेत. पण ज्याच्यावर माणसाने बंदूक रोखली त्याला शरीराखेरीज आणखीही एक जखम झालेली असते. झोप, भूक, बोलणे यांत फरक पडला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट लांबवू नका. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. गणपती आणि दिवाळीत फटाक्यांचा मारा असतो त्या दिवसांत त्याच्याजवळ कोणीतरी जागे राहा.

मुंबईत तुम्हाला फार दूर जावे लागणार नाही. हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था आहे. १९५५ पासून चालू असलेल्या या संस्थेत फिजिओथेरपी, व्हीलचेअरचे मोजमाप, पट्टे आणि कामाचे प्रशिक्षण एकाच आवारात मिळते. शीवला लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या आवारात पॅराप्लेजिक फाउंडेशन आहे, आणि नीना फाउंडेशन ही मुंबईतली संस्था कण्याला इजा झालेल्यांसाठीच काम करते. व्हीलचेअर विकत घेण्याची घाई करू नका. माप न घेता आणलेल्या खुर्चीने त्याच माकडहाडावर दुसरी जखम होते. डाग पूर्ण बरा होईपर्यंत त्याला ताठ बसवायचेच झाले तर थोडा वेळ, चांगल्या उशीवर, आणि दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायला किंवा पुढे वाकायला लावून. तिसऱ्या मजल्यावरून खाली आणताना चादरीला धरून फरफटू नका. उचलून आणा, नाहीतर वरची कातडी एकीकडे आणि हाड दुसरीकडे घसरून आतल्या आत इजा होते. अपंगत्वाचे यूडीआयडी ओळखपत्र काढून घ्या. गुन्ह्यात जखमी झालेल्याला भरपाई मागण्याचा हक्क आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे, आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. वकील न लावता तिथे मोफत मार्गदर्शन मिळते.

तो पुन्हा चालेल का, हे तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिले आहे. इजा पूर्ण असेल तर पूर्वीसारखे चालणे परत येण्याची शक्यता कमी आहे. अपूर्ण असेल तर पहिल्या वर्षात बरीच सुधारणा होऊ शकते. ती परत येण्याजोगी असेल तर तिच्यासाठी कातडी, मूत्रपिंडे आणि सांधे धडधाकट राहिले पाहिजेत, आणि परत येणार नसेल तरी उरलेल्या आयुष्यासाठी तेच लागतील. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. तुमच्या भावाने पदक जिंकावे असे मी म्हणत नाही. तो एकतीस वर्षांचा आहे, पुढे बरीच वर्षे आहेत, हे त्याच्या मामालोकांना सांगताना हे नाव उपयोगी पडेल.

पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे असे तुम्ही लिहिता. तोपर्यंत थांबू नका. डाग आणि ताप यांसाठी याच आठवड्यात जा. सोबत डिस्चार्जचा कागद, सीटी स्कॅनची फिल्म, तापाची आणि पोटऱ्यांच्या मापाची वही न्या. आज रात्रीपासून मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावा: पाठ, डावी कूस, पाठ, उजवी कूस, पोटावरच्या पिशवीवर भार येईल त्या बाजूला वळवताना पूर्ण नव्वद अंशांत न वळवता पाठीमागे उशी देऊन तिरके ठेवा, आणि डाग बरा होईपर्यंत पाठीची पाळी वगळा. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली मऊ उशी घाला. सकाळ-संध्याकाळ हातआरशाने माकडहाड, टाचा, नितंबांची हाडे आणि घोटे पाहा; आरसा भावाच्या हातातही द्या. आईंना हे उत्तर वाचून दाखवा, आणि पहिल्यांदा कूस बदलताना आडव्या चादरीचे एक टोक त्यांच्याच हाती द्या, म्हणजे तो वळला आणि त्याला काही झाले नाही, हे त्यांच्या हातांना कळेल.